स्टेन लावल्यावरच दिसणारे ओरखडे : पेपर मारण्याचा क्रम कसा असावा?

नवीफळी

नमस्कार. मी हौस म्हणून लाकूडकाम करते आणि सध्या एका लिहिण्याच्या मेजाचे काम शेवटच्या टप्प्यात आले आहे. मेजाची वरची फळी सागवानाचे पट्टे कडेला कड जोडून तयार केली आहे, पाय आणि चौकट सागवानाचीच आहे, आणि दोन्ही बाजूंना सागाचे व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) असलेले प्लायवूड बसवायचे आहे. सांधे मनासारखे बसले असल्यामुळे पृष्ठभागाच्या कामात घाई करायची नाही असे ठरवले, आणि प्रत्यक्ष मेजाला हात लावण्याआधी उरलेल्या तुकड्यांवर पेपर (सँडपेपर) मारून व स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावून पाहिला.

पहिला तुकडा ऑर्बिटल सँडरवर (घासण्याच्या मशीनवर) ८०, १२० आणि २२० नंबरचे पेपर लावून घासला (नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक). हाताला तो अगदी तुळतुळीत लागत होता आणि डोळ्यांनाही त्यात काही दोष दिसत नव्हता. पण गडद स्टेन लावून पुसल्याबरोबर त्यावर वेलांटीसारखे लहान लहान ओरखडे जागोजागी उमटले आणि लाकडाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या काही सरळ खुणाही दिसू लागल्या. दुसरा तुकडा त्याच क्रमाने घासून पुढे ४०० नंबरपर्यंत नेला. त्यावर ओरखडे कमी दिसले, पण स्टेनचा रंग पहिल्या तुकड्यापेक्षा बराच फिका बसला. दोन्ही तुकड्यांची टोके मात्र, म्हणजे जिथे लाकूड रेषांना आडवे कापलेले आहे तो भाग, जवळजवळ काळी पडली.

पेपरचा क्रम कोणत्या नंबरपासून सुरू करावा आणि कुठे थांबवावा? एका नंबरचे काम पूर्ण झाले आहे हे स्टेन लावण्याआधीच कसे ओळखावे? आणि व्हिनियरच्या बाजूंना मशीन लावणे योग्य आहे का? स्टेननंतर पॉलियुरेथेनचे (पारदर्शक संरक्षक फिनिशचे) थर देण्याचा विचार आहे.

रंधाकानस

हाताला तुळतुळीत लागणे आणि पृष्ठभागावर ओरखडे नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पहिल्या तुकड्याने तेच दाखवले आहे. प्रत्येक पेपर लाकडावर आपल्या दाण्याच्या आकाराच्या चऱ्या पाडतो. त्यापुढचा पेपर अधिक उथळ चऱ्या पाडतो, एवढाच फरक असतो. पी ८० या पेपरचा दाणा सरासरी सुमारे २०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, पी १२० चा सुमारे १२५, पी १८० चा ८० पेक्षा थोडा मोठा आणि पी २२० चा ७० मायक्रॉनहून किंचित लहान. तुम्ही १२० वरून एकदम २२० वर गेलात तेव्हा २२० च्या पेपरने आधीच्या चऱ्यांचे माथे घासून सपाट केले, म्हणून बोटांना गुळगुळीतपणा जाणवला. पण चऱ्यांचे तळ जसेच्या तसे राहिले, आणि स्टेनमधील रंगद्रव्य नेमके त्या तळांत जाऊन बसले. म्हणजे तुम्हाला दिसणारे ठळक ओरखडे २२० चे नाहीत, ते ८० किंवा १२० चे आहेत, आणि त्यांच्यासाठी ४०० पर्यंत पुढे जाण्याऐवजी मागच्या नंबरकडे परत येणे आवश्यक आहे.

क्रम ठरवताना मी एवढेच पाहतो की पुढचा नंबर आधीच्या नंबराच्या साधारण दीडपटीपेक्षा मोठा असू नये. ८०, १२०, १८०, २२० हा क्रम चालतो. १००, १५०, २२० हाही चालतो. मधली पायरी गाळली तर काम होतच नाही असे नाही, पण बारीक पेपरला खोल चऱ्या काढायला इतका वेळ लागतो की वाचवलेला वेळ त्यातच जातो, आणि बहुतेक वेळा माणूस कंटाळून मध्येच थांबतो.

मात्र क्रमापेक्षाही महत्त्वाचा आहे तो पहिला पेपर. रंधा मशीनच्या पात्यांनी उठवलेल्या आडव्या लाटा, सांध्यांतील उंचसखलपणा, गोंदाचे ओघळ, शिकंज्याने पडलेले दाब, हे सगळे दोष काढण्याची जबाबदारी पहिल्या पेपरची असते. त्यानंतरच्या प्रत्येक पेपरला फक्त आधीच्या पेपरच्या खुणा पुसायच्या असतात. पहिल्या पेपरवर पुरेसा वेळ दिला की पुढचे पेपर आश्चर्य वाटेल इतक्या लवकर उरकतात. याचाच दुसरा अर्थ असा की पहिला पेपर गरजेपुरताच खरखरीत असावा. तुमची फळी धारदार हातरंध्याने साफ केलेली असेल आणि सांधे एका पातळीत असतील, तर त्यावर ८० चा पेपर लावणे म्हणजे चांगल्या पृष्ठभागावर नवे खोल ओरखडे पाडून मग ते काढत बसणे होय; तिथे १५० पासून सुरुवात करणे पुरते. मशीनच्या लाटा दिसत असतील तर १०० पासून, आणि सांध्यात नखाला जाणवणारी पायरी असेल तरच ८० पासून सुरुवात करावी. त्या पायरीसाठीसुद्धा मी आधी स्क्रेपरची पातळ पट्टी वापरेन, कारण ती लाकूड कापून काढते आणि मागे ओरखडे ठेवत नाही. जिथे रेषा उलटसुलट वळतात आणि रंधा लाकूड उपटतो, तिथे तर स्क्रेपरला तोड नाही.

आता काम पूर्ण झाले हे ओळखण्याविषयी. प्रत्येक पेपरच्या आधी संपूर्ण फळीवर शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नागमोडी रेघा ओढाव्यात. रेघा सगळीकडून गेल्या म्हणजे पेपर सगळीकडे पोहोचला एवढे कळते. खोलगट जागी त्या रेंगाळतात आणि फळी कुठे बसकी आहे हेही त्यावरून समजते. पण रेघा गेल्या म्हणजे आधीचे ओरखडे गेले असे समजू नये, कारण पेन्सिलीचा थर ओरखड्यापेक्षा फार पातळ असतो. ओरखड्यांसाठी खोलीतील वरचा दिवा बंद करून एक दिवा फळीच्या पातळीला जवळजवळ टेकवून, बाजूने तिरपा प्रकाश पडेल असा ठेवावा. वरून पडणाऱ्या प्रकाशात न दिसणारी प्रत्येक चरी त्या तिरप्या प्रकाशात आपल्या सावलीसह दिसते. शेवटच्या पेपरनंतर फळी मिनरल टर्पेंटाइनने ओली करून पुन्हा तशीच पाहावी. त्या ओलाव्यात लाकूड साधारणपणे फिनिश लावल्यावर दिसेल तसे दिसते, लाकडाच्या रेषा फुगत नाहीत, आणि टर्पेंटाइन उडून गेल्यावर मागे काही राहत नाही. गोंदाचे डागही याच वेळी फिकट, निस्तेज ठिपके म्हणून उघडे पडतात. ते स्टेन लावण्याआधी काढले नाहीत तर तिथे रंग शिरतच नाही. टर्पेंटाइनची वाफ साचू नये म्हणून हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून दूर करावे.

दोन पेपरांच्या मध्ये फळी ब्रशने किंवा व्हॅक्यूमने स्वच्छ करण्याचा कंटाळा करू नये. आधीच्या पेपरवरून सुटलेला ८० चा एखादा दाणा जरी २२० च्या पेपरखाली सापडला, तरी तो फळीभर ८० चेच ओरखडे पाडत फिरतो.

पेपर विकत घेताना पाठीवरच्या आकड्याआधी पी हे अक्षर आहे की नाही ते पाहावे. पी लिहिलेले आकडे युरोपीय मापपद्धतीचे असतात आणि नुसते आकडे बहुधा अमेरिकन पद्धतीचे असतात. २२० पर्यंत दोन्हींत फारसा फरक पडत नाही, पण त्यापुढे त्या एकमेकींपासून दूर जातात: अमेरिकन ३२० चा दाणा पी ४०० च्या जवळचा असतो आणि अमेरिकन ४०० चा दाणा पी ८०० च्या जवळचा. दोन्ही प्रकारचे पेपर एकाच क्रमात मिसळले तर नकळत मोठी उडी पडते.

कुठे थांबावे याविषयी माझे मत स्पष्ट आहे. पॉलियुरेथेन, वॉर्निश किंवा लॅकर यांसारखा पृष्ठभागावर पापुद्रा धरणारा थर द्यायचा असेल, तर १८० किंवा फार तर २२० वर थांबावे. शेवटी हाताला लागणारा पृष्ठभाग त्या थराचा असतो, लाकडाचा नसतो. ४०० पर्यंत घासल्यामुळे लाकडाचा पृष्ठभाग इतका झिलईदार होतो की रंगद्रव्याला बसायला जागाच उरत नाही. तुमचा दुसरा तुकडा फिका पडण्याचे कारण हेच आहे. फक्त तेल लावून सोडायचे असेल तर मात्र हात थेट लाकडालाच लागणार असतो, आणि तिथे ३२० किंवा त्यापुढेही जाणे सार्थकी लागते.

सरळरेषा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात मशीनविषयी थोडी भर घालते, कारण वेलांटीसारखे ओरखडे केवळ नंबर गाळल्यामुळे येत नाहीत.

रँडम ऑर्बिटल सँडरची तबकडी दोन हालचाली एकाच वेळी करते. एक हालचाल म्हणजे काही मिलिमीटर व्यासाच्या लहान वर्तुळात अतिशय वेगाने होणारी थरथर, आणि दुसरी म्हणजे तबकडीचे स्वतःभोवती सावकाश, मोकळेपणाने फिरणे. या दोन्ही हालचाली एकत्र चालू असतात तेव्हा कोणताही दाणा एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही आणि खुणा एकमेकींत विरून जातात. मशीनवर जोर दिला की दुसरी हालचाल थांबते, फक्त लहान वर्तुळे उरतात आणि लाकडावर वेलांट्या कोरल्या जातात. तबकडीच्या कडेवर मार्करने एक ठळक रेघ ओढून ठेवावी. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थरथरत एकाच जागी उभी दिसली तर हाताचा भार कमी करावा. मशीनचे स्वतःचे वजन आणि त्यावर ठेवलेल्या हाताचे वजन, एवढा भार पुरेसा असतो. व्हॅक्यूम जोडलेला असेल आणि त्याचा ओढा फार जोरदार असेल तर तबकडी फळीला चिकटून बसते आणि परिणाम तोच होतो, त्यामुळे तो ओढाही कमी करून पाहावा.

दुसरी गोष्ट वेगाची. मशीन फळीवर झाडू मारल्यासारखे भराभर पुढेमागे नेण्याची सवय अनेकांना असते. त्याऐवजी एका सेकंदात साधारण अडीच सेंटिमीटर, इतक्या संथपणे ते सरकवावे आणि प्रत्येक नवी फेरी आधीच्या फेरीच्या अर्ध्या रुंदीवर चढवावी. सुरुवातीला हा वेग असह्य वाटतो, पण तसे केल्यास एका नंबरच्या मोजक्याच फेऱ्या लागतात आणि कुठलाही भाग कमी घासला जात नाही. मशीन चालू करण्याआधी ते फळीवर सपाट टेकवलेले असावे. पूर्ण वेगात फिरणारी तबकडी वरून फळीवर टेकवली तर पहिल्याच क्षणी ती खोल वेलांटी पाडते. फळीच्या टोकाशी मशीन तबकडीच्या निम्म्याहून अधिक बाहेर जाऊ देऊ नये आणि कडेवर ते कलू देऊ नये, नाहीतर कडा गोल होतात आणि वर दिलेला फिनिशचा थरही तिथे लवकर झिजतो.

पेपर बोथट झाला की बदलावा. बोथट पेपर लाकूड कापायचे सोडून ते चेपत जातो, तापतो, त्याच्या पोटात भुसा आणि लाकडातील चिकट द्रव्य साचून कडक गोळे तयार होतात, आणि तेच गोळे पुढे ओरखडे काढतात. सागवानात नैसर्गिक तेलकटपणा असल्यामुळे पेपर लवकर भरतो. त्यासाठी दाणे विरळ पेरलेला आणि स्टिअरेटचा पांढरट लेप दिलेला पेपर घ्यावा. त्यावर भुसा कमी चिकटतो.

शेवटी मशीन बाजूला ठेवून, मशीनवर वापरलेल्या शेवटच्याच नंबरचा ताजा पेपर बुचाच्या किंवा कडक रबराच्या ठोकळ्याला गुंडाळावा आणि फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लाकडाच्या रेषांच्याच दिशेने, लांब हात मारावेत. मशीनने राहिलेल्या बारीक वेलांट्या यात सरळ होतात, आणि सरळ ओरखडे रेषांना समांतर असल्यामुळे त्यांच्यातच लपतात. तुमच्या तुकड्यावरील आडव्या खुणा ठळक दिसल्या, कारण आडवा ओरखडा तंतू तोडत जातो आणि तुटलेली टोके रंग जास्त पितात. ठोकळ्याशिवाय नुसत्या बोटांनी पेपर धरू नये. बोटांखाली दाब सारखा पडत नाही, मऊ रेषा जास्त झिजतात, कठीण रेषा वर राहतात, आणि तिरप्या प्रकाशात फळी लाटांनी भरलेली दिसते. पाइनसारख्या लाकडात हा दोष फार लवकर उठतो.

नवीफळी

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. तबकडीवर रेघ ओढून पाहिली. मी नेहमी जितका भार देते तितका दिला की ती थांबते आणि हात हलका केला की फिरू लागते, हे स्पष्ट दिसले. नव्या तुकड्यावर १००, १५० आणि १८० असा क्रम घेऊन, शेवटी ठोकळ्यावर १८० चा पेपर रेषांच्या दिशेने मारला आणि टर्पेंटाइन लावून तिरप्या प्रकाशात पाहिले. एकही वेलांटी दिसली नाही, आणि स्टेनही एकसारखा बसला.

आता टोकांचा काळेपणा आणि व्हिनियर, हे दोन मुद्दे राहिले आहेत. शिवाय चौकटीच्या कोपऱ्यांत उभी पट्टी आणि आडवी पट्टी काटकोनात मिळतात. तिथे एकीच्या रेषांच्या दिशेने घासले की दुसरीवर आपोआपच आडवे ओरखडे पडतात. यावर उपाय काय?

तेलपाणी

टोकांवर लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, त्यामुळे स्टेन पृष्ठभागावर न थांबता आत खोल ओढला जातो आणि रंग गडद होतो. रंधाकानस यांनी फिक्या रंगाचे जे कारण दिले आहे, त्याचाच इथे उपयोग करून घ्यायचा. फळी १८० वर थांबवली असेल तर टोके २२० आणि मग ३२० पर्यंत न्यावीत. नळ्यांची तोंडे झिलईने काहीशी मिटतात आणि रंग फळीच्या जवळ येतो. टोकांवरचे ओरखडे काढायला फळीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, कारण तिथे पेपर तंतूंच्या टोकांवर चालतो, म्हणून तिथली तपासणी अधिक काटेकोर असावी. एवढे करूनही फरक राहिला तर टोकांना आधी अगदी पातळ केलेल्या लाखेचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर हलकेच घासून मग स्टेन लावावा. पातळपणाचे प्रमाण तुकड्यावर ठरवावे. लाख दाट झाली तर टोके उलट फिकी दिसतात.

व्हिनियरविषयी मात्र मी ठामपणे सांगेन की त्याला मशीन लावू नये. प्लायवूडवरचा शोभेचा पापुद्रा अनेकदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, आणि कारखान्यातून तो बराचसा घासूनच आलेला असतो. पापुद्रा फाटून खालचा थर उघडा पडला की ती जागा दुरुस्त करता येत नाही. स्टेन लावल्यावर तर ती दुरूनही ओळखू येते. सपाट ठोकळ्यावर १८० चा पेपर घेऊन रेषांच्या दिशेने मोजकेच हात मारावेत. कडांपासून बोटभर अंतरावर दाब आणखी कमी करावा, कारण पापुद्रा बहुतेक वेळा कडेलाच फाटतो. व्हिनियरवर पेन्सिलीच्या रेघा ओढायच्या असतील तर त्या अगदी पुसट असाव्यात. रेघ पुसण्याच्या नादात जास्त घासले जाते. कडेला चिकटवलेली लाकडी पट्टी व्हिनियरपेक्षा किंचित वर असेल तर ती रंध्याने किंवा स्क्रेपरने खाली आणावी, पेपरने नव्हे.

जोडलेल्या फळीबाबत एक गोष्ट आधी सांगायला हवी होती असे वाटते, कारण पुष्कळ लोकांना ती माहीत नसते. पाण्यातील गोंद लावल्यावर सांध्यालगतचे लाकूड ओलाव्याने फुगते. शिकंजे काढल्याबरोबर फळी घासून सपाट केली तर तो फुगलेला भाग घासला जातो, आणि नंतर ओलावा गेल्यावर तिथे लाकूड आक्रसून सांध्याच्या ओळीने उथळ खोलगट पट्टा तयार होतो. चकचकीत फिनिशखाली हे पट्टे फार उठून दिसतात. म्हणून सांधा पक्का झाल्यावरही काही दिवस फळी तशीच ठेवून मग तिच्यावर पेपर मारावा.

पॉलियुरेथेन पाण्यात मिसळणारे असेल तर आणखी एक पायरी येते. घासताना काही तंतू अर्धवट कापले जाऊन दाबले जातात, आणि पाण्याचा पहिला थेंब लागताच ते कुसळांसारखे उभे राहतात. हे होणारच असेल तर ते फिनिशखाली होण्यापेक्षा आधीच होऊ द्यावे. १८० चे काम संपल्यावर स्वच्छ फडके पाण्यात भिजवून घट्ट पिळावे, फळी सर्वत्र सारखी ओलसर करावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मग २२० च्या पेपरने, हात जवळजवळ तरंगता ठेवून, फक्त ती कुसळे काढून टाकावीत. इथे जोर दिला तर खालचे नवे तंतू उघडे पडतात आणि कुसळे पुन्हा उठतात. तेलातील पॉलियुरेथेन वापरणार असाल तर ही पायरी आवश्यक नाही.

पहिला थर वाळल्यावर ३२० च्या पेपरने हलकेच घासावे. पेपरखाली कोरडी पांढरी पूड निघाली तर थर तयार आहे असे समजावे. पूड निघण्याऐवजी गोळे वळू लागले तर आणखी वाळू द्यावा. या टप्प्यावर ठोकळाही मऊ असावा आणि कडांना तर पेपर फक्त स्पर्शापुरता लागावा, कारण तिथला पातळ थर ओलांडून पेपर स्टेनपर्यंत पोहोचला की पांढरी रेघ उघडी पडते. स्टेननंतर आणि पहिल्या थराच्या आधी फळीवर मुळीच पेपर मारू नये. थरांच्या मध्ये पोलादी लोकर वापरण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, परंतु पाण्यातील फिनिशखाली ती टाळावी. तिचे तुटलेले बारीक तंतू पाण्याने गंजतात, आणि ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडावर त्यांचे काळे ठिपके पडतात.

रंधाकानस

सांध्याच्या फुगण्याचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. टोकांच्या बाबतीत मी थोडे वेगळे करतो: ३२० पर्यंत जाण्याआधी धारदार हातरंध्याने टोकावरून एक पातळ काप घेतो. करवतीने फाटलेले तंतू पेपरने साफ करणे फार कष्टाचे असते, आणि ते खोलवर फाटलेले असतील तर पृष्ठभाग कितीही झिलईदार केला तरी रंग डागाळलेलाच दिसतो. रंध्याच्या कापानंतर १८० आणि ३२० एवढे पेपर पुरतात. रंधा चालवताना टोकाच्या मागच्या कडेला एक टाकाऊ तुकडा शिकंज्याने घट्ट लावावा, म्हणजे कड फुटत नाही.

धुळीविषयी अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे, आणि त्याचा मुख्य संबंध नाकाच्या व त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी आढळला आहे. सागवानाच्या धुळीने काही जणांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रासही होतो. जी धूळ डोळ्यांना दिसते ती लवकर खाली बसते. बारीक पेपरने उडणारी, न दिसणारी धूळ बराच वेळ हवेत तरंगत राहते आणि तीच खोलवर आत जाते. म्हणून मशीनला व्हॅक्यूम जोडलेला असला तरी एन-९५ किंवा त्याच्या तोडीचा, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क वापरावा, आणि मशीन थांबवल्याबरोबर तो काढू नये. फळीवरची धूळ हवेच्या झोताने उडवण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढून घ्यावी आणि मग फडक्याने पुसावी. झोताने ती फळीवरून जाते, पण खोलीत राहते आणि ओल्या फिनिशवर परत येऊन बसते.

फिनिशची पूड मिसळलेला भुसा मशीनच्या पिशवीत साठवून ठेवू नये. काम संपताच पिशवी रिकामी करावी. तेलातील स्टेन किंवा जवसाचे तेल पुसलेली फडकी चुरगाळून ढीग करून ठेवल्यास ती वाळताना स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती घराबाहेर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

सरळरेषा

चौकटीच्या कोपऱ्याचा प्रश्न मागे राहिला आहे. ज्या पट्टीचे टोक दुसऱ्या पट्टीच्या कडेवर येऊन थांबते, ती पट्टी आधी घासायची. बहुतेक चौकटींत ती आडवी पट्टी असते. ती घासताना पेपर सांधा ओलांडून उभ्या पट्टीवर थोडा गेला तरी हरकत नाही; तिथे आडवे ओरखडे पडतील. त्यानंतर उभी पट्टी तिच्या पूर्ण लांबीत, तिच्या रेषांच्या दिशेने घासायची. आडवे ओरखडे त्यातच निघून जातात. या वेळी मात्र पेपर सांध्याच्या रेषेपलीकडे आडव्या पट्टीवर जाऊ द्यायचा नाही, आणि त्यासाठी ठोकळ्याची सरळ कड सांध्याच्या रेषेला लावून काम करणे सोयीचे पडते. हवे तर आडव्या पट्टीवर सांध्यालगत चिकटपट्टी लावून ठेवावी. प्रत्येक नंबरला हाच क्रम पाळावा, केवळ शेवटच्या नंबरला नव्हे. नाहीतर १०० चे आडवे ओरखडे १८० च्या हाती लागतात आणि निघत नाहीत.

चौकटीच्या आतल्या कडा आणि पायांच्या आतल्या बाजू जोडणीपूर्वीच शेवटच्या नंबरपर्यंत घासून घेतलेल्या बऱ्या, कारण जोडणीनंतर त्या कोपऱ्यांत ठोकळा शिरत नाही आणि बोटांनी घासावे लागते. तुमची जोडणी आधीच झालेली असल्यामुळे आता तिथे धारदार पटाशी पालथी धरून पातळ साल काढावी किंवा स्क्रेपरचा कोपरा वापरावा, आणि पेपर तीन पदरी घडी करून शेवटी हलकेच फिरवावा. तीन पदरी घडीत दाण्यांची बाजू दाण्यांवर येत नाही, त्यामुळे पेपर हातात घसरत नाही आणि लवकर बोथट होत नाही.

बाहेरच्या सगळ्या तीक्ष्ण कडा १८० च्या पेपरने, ठोकळा ४५ अंशांत धरून, अगदी मिलिमीटरभर मोडाव्यात. धारदार कडेवर पॉलियुरेथेन टिकून राहत नाही. वाळताना ते कडेपासून मागे सरते, थर पातळ राहतो आणि पुढच्या थराआधी घासताना तिथेच लाकूड उघडे पडते. व्हिनियरच्या पत्र्यांना मात्र ही कड मोडू नये. त्यांच्या कडेची लाकडी पट्टी असेल तर फक्त तिची बाहेरची कड मोडावी.